सर्पगंधा, बारा प्रश्न आणि धुंदलवाडी

नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हलायला लागली आणि मग ती हलतच राहिली. कधी दिवसात एक धक्का, कधी चार-पाच, मग काही दिवस शांतता, आणि आता संपलं असं वाटेपर्यंत पुन्हा सुरू. बहुतेक धक्के छोटे. पण १ फेब्रुवारी २०१९ ला दुपारी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना पडून एक लहान मुलगी गेली. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर लोक थंडीत अंगणात आणि तंबूत झोपायला लागले. शाळा झाडाखाली भरायला लागल्या. मुंबई-अहमदाबाद हायवेवरून जाताना आपल्याला तलासरी म्हणजे गुजरातच्या आधीचा शेवटचा चहा एवढंच माहीत असतं. त्या हायवेपासून थोड्याच अंतरावर हजारो माणसं रात्री भिंतीपासून लांब झोपत होती.

शास्त्रज्ञ अशा प्रकाराला 'स्वार्म' म्हणतात. एक मोठा भूकंप आणि मग शांत होत जाणारे धक्के असा क्रम नाही, तर लहान-मध्यम धक्क्यांचा लांबलेला थवा. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने आणि हैदराबादच्या एनजीआरआयने तिथे भूकंपमापक बसवले. त्यामुळे कुठला धक्का किती वाजता, किती खोलीवर आणि किती तीव्रतेचा, हे सगळं दशांश चिन्हासकट नोंदलं गेलं.

माझ्या डोक्यात तेव्हापासून एक प्रश्न आहे. जमिनीच्या हादऱ्याला रिश्टर आहे, तसं माणसाच्या हादऱ्याला काही आहे का? दोन-दोन महिने झोप नाही, छातीत धडधड, कामात लक्ष नाही, "काय होईल ते होऊ दे" असा सूर. हे मोजता येतं का? आणि मोजल्यावर त्यावर काही करता येतं, हे कुणी सिद्ध केलंय का? या विकांताला त्याचाच इतिहास लिहितोय. गंमत म्हणजे शोधायला लागल्यावर हा इतिहास मुंबईतून निघाला, लंडनला गेला आणि गोव्यात उतरला. डहाणूपर्यंत तो कसा येऊ शकतो हे शेवटी बघू.

सुरुवात एका झुडपापासून. सर्पगंधा. आपल्याकडच्या जंगलांत सापडणारी, वैद्यांना आणि वैदूंना पिढ्यानपिढ्या माहीत असलेली वनस्पती. साप चावल्यावर, झोप लागत नसेल तर, डोकं फिरलं तर, अशा अनेक ठिकाणी तिचं मूळ वापरलं जायचं. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर एक लेख लिहिला. वेड आणि रक्तदाब, दोन्हींवरचं भारतीय औषध असा त्यांचा दावा होता. जगाने फारसं लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं ते १९४९ नंतर. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन काय होतं ते नीट नोंदवलं आणि 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं. मग स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये त्या मुळातून मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेसरपिन. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. (रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आपल्या घरच्यांपैकी कितीजणांना हे नाव माहीत असेल? मला तरी परवापर्यंत नव्हतं.)

रेसरपिन घेतलं की माणूस शांत होतो, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. मग ते चिंतेने आणि उदासीने त्रासलेल्या माणसांना दिलं तर? लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये डेव्हिस आणि मायकेल शेपर्ड या दोन डॉक्टरांनी हा प्रश्न जरा वेगळ्या पद्धतीने विचारला. त्यांनी चिंता आणि नैराश्य असलेले ५४ बाह्यरुग्ण घेतले. कुणाला रेसरपिन आणि कुणाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. निकाल १९५५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. औषधवाल्यांना जास्त आराम पडला होता. मनोविकारांवरच्या औषधांच्या इतिहासात ही अगदी पहिल्या यादृच्छिक चाचण्यांपैकी एक मानली जाते. म्हणजे प्रौढ माणसांच्या चिंता-नैराश्यावरचं आधुनिक संशोधन जिथून सुरू होतं, तिथे हातात होती आपली सर्पगंधा!

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला ए-बी टेस्टिंग म्हणतात. अर्ध्या लोकांना बटण निळं, अर्ध्यांना हिरवं, आणि कुणी जास्त दाबलं ते मोजा. वैद्यकशास्त्राने हे आमच्या कितीतरी आधी केलं आणि कितीतरी जास्त गंभीर कारणासाठी केलं. चिठ्ठी का टाकायची? कारण उदासी बऱ्याचदा आपली आपणच ओसरते. कुठलंही औषध द्या, तीन महिन्यांनी काहीजण बरे झालेले असतातच. श्रेय कुणाला द्यायचं? गोळीला, देवाला, की नुसत्या दिवस जाण्याला? तोंडवळ्याने सारखे दोन गट ठेवल्याशिवाय ते कळत नाही.

याचं उलटं उदाहरणही रेसरपिननेच पुरवलं. पन्नाशीच्या दशकातच बातम्या यायला लागल्या की रक्तदाबासाठी रेसरपिन घेणारे काही रुग्ण फार उदास होतात. 'रेसरपिनने नैराश्य येतं' हे पुस्तकांत जाऊन बसलं. त्याच सुमाराला अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रेसरपिनमुळे सेरोटोनिनचे साठे रिकामे होतात. दोन आणि दोन चार झाले. सेरोटोनिनसारखी द्रव्यं कमी पडली म्हणून नैराश्य, असा सिद्धांत उभा राहिला, आणि त्यातून सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांचा शोध सुरू झाला. १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली फ्लुऑक्सेटिन ही त्यातली सगळ्यात गाजलेली. पुढे संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तर रेसरपिनमुळे नैराश्य येतं याचा पुरावा बराच कच्चा निघाला. 'हे घेतलं आणि ते झालं' एवढ्यावर उभा असलेला. सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य, ही साधी गोष्टही आता तज्ज्ञ तशीच्या तशी मानत नाहीत. पण त्या गोष्टीचा हात धरून आलेली गोळी मात्र चाचण्यांत टिकली. कारण चुकीचं आणि उपाय चालणारा, असं कोडमध्ये आमच्याकडेही होतं :)

आता सर्पगंधेचा दुसरा धागा. त्या १९५५ च्या चाचणीतल्या मायकेल शेपर्डला नंतर वेगळाच प्रश्न पडला. मनाने आजारी माणसं आहेत तरी कुठे? वेड्यांच्या इस्पितळात जितकी दिसतात तितकीच का? त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनमधल्या साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतल्या रुग्णांची पाहणी केली. १९६६ मध्ये पुस्तक आलं. वर्षभरात साधारण १४ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या मानसिक त्रासासाठी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे येऊन गेले होते, आणि त्यातले फारच थोडे मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचले होते. शेपर्डचं म्हणणं सरळ होतं. तज्ज्ञ वाढवत बसण्यापेक्षा साध्या डॉक्टरला बळ द्या, कारण माणसं तिथे येतात.

पण साध्या डॉक्टरला ओळखू कसं येणार? रुग्ण येतो तो "डोकं जड झालंय", "अंग मोडून येतं", "पोटात आग पडते" असं सांगत. "मला नैराश्य आहे" असं सांगत कुणी येत नाही. यासाठी मॉडस्लीतच घडलेल्या डेव्हिड गोल्डबर्गने १९७२ मध्ये एक प्रश्नावली आणली. जनरल हेल्थ क्वेश्चनेअर, जीएचक्यू. पुढे तिची बारा प्रश्नांची छोटी आवृत्ती जगभर पसरली. काळजीने झोप जाते का, कामात लक्ष लागतं का, निर्णय घेता येतात का, सतत ताण वाटतो का, रोजच्या गोष्टींत गोडी उरलीय का, स्वतःवरचा विश्वास गेलाय का... अशा धाटणीचे प्रश्न. निदान त्यातून होत नाही. कुणाकडे नीट बघायला हवं एवढं कळतं. पण पाच मिनिटांत होतं आणि त्यासाठी डॉक्टर लागत नाही. माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर हे. हो, माणसाच्या हादऱ्यालाही माप आहे, आणि त्यासाठी जमिनीत यंत्र पुरावं लागत नाही.

आपल्याकडे काय चाललं होतं तेव्हा? १९७५ च्या सुमाराला चंडीगडच्या पीजीआयने हरियाणातल्या रायपूर रानी इथे आणि बंगळूरच्या निम्हान्सने सकलवारा इथे प्रयोग सुरू केले. खेड्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्याला थोडं शिकवलं तर तो मनोविकार ओळखून उपचार चालू ठेवू शकतो का? बऱ्यापैकी शकतो, असं दिसलं. त्यावर १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला, मग कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात नमुना झाला आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम. पण या सगळ्यात भर होता तो तीव्र आजारांवर आणि मिरगीवर. ते बरोबरही होतं. साखळीने बांधलेल्या माणसाला आधी सोडवायला हवं. पण त्या नादात रोज कामाला जाणारी, स्वयंपाक करणारी, आणि आतून विझत चाललेली माणसं यादीत फार मागे राहिली.

महाराष्ट्राला या माणसांची आठवण करून दिली ती भूकंपानेच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या जरा आधी, किल्लारी. साधारण आठ ते दहा हजार माणसं गेली. यातला एक तपशील डहाणूच्या संदर्भात विसरून चालणार नाही. किल्लारी परिसरातही १९९२ मध्ये लहान धक्क्यांचा असाच थवा येऊन गेला होता. मग तो थांबला आणि वर्षभराने मोठा भूकंप झाला. बहुतेक स्वार्म कुठलाही मोठा भूकंप न आणता विरून जातात, हे खरं. पण धुंदलवाडीच्या माणसाला कुणी "उगाच घाबरू नका" म्हणालं तर त्याने किल्लारीचं नाव घेतलं तर ते चूक कसं म्हणणार? भीती अज्ञानातूनच येते असं नाही. कधीकधी ती वर्तमानपत्र वाचण्यातूनही येते.

किल्लारीनंतर आयसीएमआरच्या मदतीने भूकंपग्रस्तांच्या मनावरच्या परिणामांचा दीर्घ अभ्यास झाला. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत. ही संस्था १९९१ मध्ये उभी करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते डॉ. मोहन आगाशे. हो, तेच. 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस. आपण त्यांना नट म्हणून ओळखतो, पण ससूनमध्ये ते मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते आणि किल्लारीचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. आपत्तीनंतर पत्रे, सिमेंट आणि तांदूळ यांच्या जोडीला मनाचाही हिशोब ठेवायचा असतो, ही गोष्ट आपल्या सरकारी यंत्रणेच्या कानावर इतक्या ठळकपणे बहुधा तेव्हाच पडली.

पण हिशोब ठेवणं एक आणि उपाय सिद्ध करणं दुसरं. त्यासाठी गोव्याला जायला हवं.

डॉ. विक्रम पटेल मूळचे मुंबईचे. शिकायला ऑक्सफर्डला गेले आणि नव्वदीच्या सुरुवातीला संशोधनासाठी झिम्बाब्वेत. जाताना त्यांच्या डोक्यात एक ठाम कल्पना होती की नैराश्य वगैरे पाश्चात्त्य चोचले आहेत, गरीब देशातलं दुःख म्हणजे गरिबीचं दुःख. तिथे लोकांशी बोलल्यावर मत बदललं. नाव वेगळं होतं. शोना भाषेत 'फार विचार करणं' या अर्थाचा शब्द वापरत. पण त्रास ओळखीचा होता. १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गोव्यात 'संगत' ही संस्था सुरू केली.

त्यांची पहिली मोठी चाचणी २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. गोव्यातल्या दोन जिल्हा रुग्णालयांत आलेले, चिंता किंवा नैराश्य असलेले ४५० प्रौढ. तीन गट केले. एकाला फ्लुऑक्सेटिन, एकाला रिकामी गोळी, एकाला बोलून करायचा मानसोपचार. दोन महिन्यांनी गोळीवाला गट पुढे होता. आणि मानसोपचार? रिकाम्या गोळीपेक्षा काहीच सरस ठरला नाही. सहा आणि बारा महिन्यांनी तर तिन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता.

मला या सगळ्या इतिहासातला हा निकाल सगळ्यात जास्त आवडला. का, ते सांगतो. ज्यांचा समुपदेशनावर विश्वास होता त्यांनीच ते सिद्ध झालं नाही असं छापलं. आणि मग ते का झालं नाही याच्या मागे लागले. एक उघड अडचण होती की लोक ठरलेल्या सगळ्या भेटींना येतच नव्हते. बसचं भाडं, बुडालेली मजुरी, घरी लहान पोर. शिवाय रुग्णालय लांब. औषध चांगलं आहे की नाही हा प्रश्न माणूस ते घ्यायला आल्यावरचा. आधी त्याला येता यायला हवं.

त्यातून 'मानस' ही चाचणी घडली. कोकणीत मनशांती सुधार शोध. २००७ ते २००९ या काळात गोव्यातली २४ ठिकाणं घेतली: बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी डॉक्टरांचे दवाखाने. या वेळी चिठ्ठी माणसांवर न टाकता दवाखान्यांवर टाकली. निम्म्या ठिकाणी नेहमीचे उपचार, फक्त कुणाला त्रास आहे हे डॉक्टरांना कळवलेलं आणि उपचारांची माहितीपुस्तिका दिलेली. उरलेल्या निम्म्या ठिकाणी एक नवीन व्यक्ती बसवली. साधी स्थानिक पदवीधर बाई, आरोग्यक्षेत्राचा काही अनुभव नसलेली, दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली. पाळी बघत बसलेल्यांना आधी बारा प्रश्न विचारले जायचे. (शेपर्ड-गोल्डबर्गची प्रश्नावली, लंडनहून गोव्याच्या आरोग्य केंद्राच्या बाकड्यावर!) ज्यांना गरज दिसे त्यांच्याशी ही ताई बोलायची. हे काय होतंय, झोपेचं काय करायचं, श्वासाचा व्यायाम, घरात कुणाशी बिनसलंय का. जास्त त्रास असेल तर तिथलाच डॉक्टर गोळी लिहून द्यायचा किंवा ताईबरोबरच्या भेटी वाढायच्या. त्यानेही भागलं नाही तर मग मनोविकारतज्ज्ञ. पायरी-पायरीने. भेटी चुकल्या तर ताई चौकशी करायची.

एकूण २,७९६ माणसं या चाचणीत होती. निकाल २०१० मध्ये आला. ज्यांचं निदान पक्कं होतं त्यांच्यापैकी सहा महिन्यांनी बरे झालेले: ताई असलेल्या ठिकाणी ६५ टक्के, नसलेल्या ठिकाणी ५२.९ टक्के. पण खरी गोष्ट हे आकडे फोडल्यावर दिसते. खासगी दवाखान्यांत ताईमुळे काहीच फरक पडला नव्हता: ६४.१ आणि ६५.९. सरकारी केंद्रांत मात्र ६५.९ विरुद्ध ४२.५. पुन्हा वाचा. ताई नसताना सरकारी केंद्रातला रुग्ण खासगीतल्या रुग्णापेक्षा कितीतरी मागे होता. ताई आल्यावर तो त्याच्या बरोबरीला आला. खासगीत फॅमिली डॉक्टर ओळखीचा असतो, दरवेळी तोच असतो, दोन वाक्यं जास्त बोलतो. सरकारी केंद्राच्या गर्दीत जे मिळत नव्हतं ते एका ताईने भरून काढलं, असाच मी याचा अर्थ लावतो. नंतर खर्चाचाही हिशोब मांडला गेला, तर सरकारी केंद्रांत हा प्रकार एकूण पैसे वाचवणाराच निघाला.

संगतने पुढे बोलण्याचा उपचारही नव्याने बांधला. जास्त तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवरची चाचणी २०१७ मध्ये आली. दहा आरोग्य केंद्रं, पुन्हा बिगरतज्ज्ञ समुपदेशक, सहा ते आठ भेटी. भर एकाच गोष्टीवर: उदास माणसाने सोडून दिलेल्या, त्याला बरं वाटणाऱ्या गोष्टी छोट्या छोट्या करून पुन्हा सुरू करायच्या आणि अडचणी एकेक सोडवायच्या. गरज पडेल तिथे भेट घरी. तीन महिन्यांनी ६४ टक्के सावरले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. चौदा वर्षांपूर्वी जे सिद्ध झालं नव्हतं ते झालं. दरम्यान झिम्बाब्वेतही डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याबाहेरच्या बाकावर आज्यांना बसवून हेच केलं, आणि त्याचीही चाचणी २०१६ मध्ये यशस्वी ठरली.

महाराष्ट्रातही हे आलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कुठलीतरी मदत घेत होते. दीड वर्षाने २७.२ टक्के. पुण्याच्या डॉ. सौमित्र पाठारे यांच्या गटाने नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 'आत्मीयता' सुरू केलं. गावातलेच लोक, हातात मोबाइल, त्यावर गावच्या भाषेतल्या छोट्या फिल्म. त्याचीच पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठी चाचणी झाली आणि तिथेही बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

आता एक आक्षेप, जो मलाही पटतो. डहाणू-तलासरीतल्या वारली माणसाचं दुःख म्हणजे जमीन, मजुरी, दिवाळीनंतर वीटभट्टीवर नाहीतर बोटीवर जाणं. त्याला प्रश्नावली आणि ताई देऊन काय उपयोग? हे गरिबीला आजाराचं नाव देणं नाही का? याला उत्तर म्हणून मी पुन्हा त्या ४२.५ आणि ६५.९ कडे बोट दाखवीन. दोन्हीकडचे लोक गोव्यातल्या सरकारी केंद्रात येणारेच होते. कुणाची गरिबी हटली नव्हती. तरी एका बाजूला शंभरातले तेवीसजण जास्त उभे राहिले. आणि उभं राहिलेला माणूस मजुरीसाठी भांडूही शकतो. तलासरीला हे वेगळं सांगायला नको. १९४५ मध्ये झरी गावी वेठबिगारीविरुद्ध जमलेली माणसंही काही पोटभर जेवून आलेली नव्हती.

मात्र गोव्याची ताई उचलून इथे ठेवली असं होणार नाही. इथे घरात वारली बोली, बाजारात मराठी, सीमेवर गुजराती. बारा प्रश्नांचं भाषांतर पुस्तकी मराठीत केलं तर उत्तरंही पुस्तकी येतील. माणसं आधी भगताकडे जातात, त्याला वगळून काही चालणार नाही. आणि सहा भेटी कुठल्या महिन्यात? अर्धा पाडा स्थलांतरावर असताना पुन्हा २००३ चीच गत होईल. भेटींचं वेळापत्रक पावसाळ्याभोवती बांधावं लागेल आणि बाकीचं फोनवर.

यंत्रणा नाहीच असंही नाही. आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणूत आहे, परळच्या संस्थेकडून चालवलं जाणारं. धुंदलवाडीजवळ सास्वंदला, म्हणजे स्वार्मच्या अगदी मध्यात, मेडिकल कॉलेज आहे. पाड्या-पाड्यावर आशाताई आहेत. कमी आहे ती मोजणीची सवय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती आणि महाराष्ट्र त्यात नव्हता. गुजरात होता. म्हणजे तलासरीची हद्द ओलांडली की पलीकडचं राज्य आकड्यांत सापडतं आणि अलीकडचं सापडत नाही. त्या सर्वेक्षणाने देशात नैराश्य असलेल्या दर शंभरातले पंच्याऐंशी लोक उपचाराविना आहेत असं सांगितलं. जिथे सहा महिने अंगणात झोपावं लागलं तिथला आकडा याहून बरा असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी धक्के सुरू झाले (आणि या भागात ते होत राहतात), तर भूकंपमापकाबरोबर बारा प्रश्नांचा कागदही यावा, वारलीत बोलणाऱ्या ताईच्या हातात. तो कागद नुसता भरून न्यायचा नाही, त्यामागे पायऱ्या असायला हव्यात. त्या कशा असाव्यात हे चाचण्यांनी दाखवून दिलंय, आणि तेही आपल्या शेजारच्या राज्यात, आपल्यासारख्याच सरकारी केंद्रांत.

असो, बरंच लांबलं. जाता जाता एक उपयोगाची गोष्ट: केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. गोव्याच्या 'मानस'शी नावापुरतंच साम्य. स्वतःसाठी नसेल लागत तर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, कुणाला तरी द्यायला लागेल. पुढच्या विकांताला भेटूच.